संशयाचा अधिकार : देवलांच्या नाटकांतील प्रेम, पैसा आणि गैरसमज

१

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या नाटकांची विभागणी मराठी नाट्यसमीक्षेने फार पूर्वीच करून टाकली आहे. 'शारदा' (१८९९) हे सामाजिक नाटक, तर 'संशयकल्लोळ' हे निर्मळ करमणुकीचे. पहिल्याच्या वाट्याला प्रश्नांची चर्चा आली, दुसऱ्याच्या वाट्याला कौतुक. कथानकाची घट्ट वीण, संवादांतील सहजता, पदांची गोडी आणि कुणाच्याही जिव्हारी न लागणारा विनोद हे 'संशयकल्लोळ'चे गुण वारंवार सांगितले गेले आणि ते खरेही आहेत. मात्र या कौतुकात एक गृहीत दडलेले आहे. या नाटकातला संशय निराधार असल्यामुळे त्याला सामाजिक आधारही नसणार, असे ते गृहीत आहे. संशय चुकीचा ठरणे आणि संशय येण्याला कारण नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे देवलांनी विवाहसंस्थेविषयी जे सर्वांत सूक्ष्म निरीक्षण नोंदवले, ते हास्याच्या गजरात ऐकू आलेले नाही.

नाटकाचा सांगाडा सर्वपरिचित आहे. नायकिणीची मुलगी रेवती आणि आश्विनशेट यांचे परस्परांवर प्रेम आहे. आश्विनशेटने तिला आपली तसबीर दिली आहे. रेवतीला रस्त्यात घेरी येते आणि फाल्गुनराव तिला सावरतो. त्याची बायको कृत्तिका हे पाहते आणि नवऱ्याविषयी मनात किंतु धरते. गडबडीत पडलेली तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. ती ती न्याहाळत असताना फाल्गुनराव येतो आणि बायकोविषयी नको ते ठरवून मोकळा होतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती पाहून आश्विनशेट रेवतीविषयी संशय घेतो. एक निर्जीव वस्तू तीन हातांतून फिरते आणि प्रत्येक हातात तिचा अर्थ बदलतो. ती काहीच सांगत नाही. पाहणारा मात्र तिच्यात आपल्याला हवे ते, किंबहुना आपल्याला ज्याची धास्ती आहे ते, वाचतो.

प्रेमाचा पुरावा म्हणून दिलेली वस्तू हरवणे आणि त्यातून अनर्थ ओढवणे हे सूत्र मराठी संगीत रंगभूमीला तिच्या जन्मापासूनच लाभलेले आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा प्रयोग झाला. त्या नाटकातील विवाह एका अंगठीवर अवलंबून आहे. अंगठी बोटात असेल तर शकुंतला पत्नी, नसेल तर राजसभेत कुणीतरी अनोळखी स्त्री. किर्लोस्करांच्या तालमीत तयार झालेल्या देवलांनी हे सूत्र पुढे नेले आणि त्याला वेगवेगळ्या दिशांनी वळवून पाहिले. त्यांच्या नाटकांतील अशा वस्तूंचा माग काढला तर प्रेम, पैसा आणि गैरसमज यांच्या नात्याविषयी त्यांना काय म्हणायचे होते, याचा उलगडा होऊ लागतो.

२

'संशयकल्लोळ' हे नाव आणि त्यातली पदे ही नंतरची भर आहे. मूळ गद्य नाटक १८९३ चे. त्याचे नाव 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. देवलांच्या निधनाच्या वर्षी, १९१६ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूपात रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांमुळे ते लोकांच्या मनात ठसले. समीक्षेच्या दृष्टीने १८९३ हा काळ महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या थोडे आधी, १८९० मध्ये, देवलांचे 'झुंझारराव' आलेले होते. 'झुंझारराव' हे शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे रूपांतर. म्हणजे वैवाहिक संशयावरची मराठीतली एक ठळक शोकान्तिका आणि सर्वांत लोकप्रिय सुखान्तिका एकाच लेखकाने तीन वर्षांच्या अंतराने लिहिल्या. हा योग जितका बोलका आहे तितका तो बोलका करून घेतलेला नाही.

'ऑथेल्लो'त रुमाल आहे, 'फाल्गुनरावा'त तसबीर. दोन्हीकडे वस्तू प्रेमाची खूण म्हणून दिली जाते, ती नकळत हातची जाते, परक्याच्या हाती दिसते आणि व्यभिचाराचा पुरावा ठरते. मग एकीकडे पत्नीचा खून होतो आणि दुसरीकडे प्रेक्षक पोट धरून हसतात, हे कशामुळे? खलपुरुषाची उपस्थिती हे नेहमीचे उत्तर. एकीकडे संशय पेरणारा कारस्थानी माणूस आहे, दुसरीकडे केवळ योगायोग. हे उत्तर अपुरे आहे. फाल्गुनरावाला संशय पेरणाऱ्याची गरजच नसते. तो स्वतःच आपला कान फुंकणारा आहे. त्या अर्थी त्याचा संशय अधिक मूलगामी आणि म्हणून अधिक धोकादायक म्हणता येईल.

खरा फरक अन्यत्र आहे. शोकान्तिकेत संशय एकटा नवरा घेतो. बायकोला संशय घ्यायला फुरसत नाही, अधिकारही नाही. तिच्यावर आरोप ठेवला जातो तेव्हा आरोप काय आहे हेही तिला नीट कळत नाही. 'फाल्गुनरावा'त मात्र नवऱ्याच्या आधी बायको संशय घेते. कृत्तिका पाळत ठेवते, चौकश्या करते, नवऱ्याला जाब विचारते. फाल्गुनराव आरोप करायला तोंड उघडतो तेव्हा त्याच्यावरचा आरोप आधीच तयार असतो. दोन्ही पारडी समान जड झाल्यामुळे कोणतेच खाली जात नाही, आणि या अडकलेल्या तराजूतून विनोद निर्माण होतो. एकतर्फी संशयाने शोकान्तिका घडते, उभयपक्षी संशयाने सुखान्तिका. देवलांच्या या दोन नाटकांतील अंतर एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

ही समतोल मांडणी देवलांची स्वतंत्र निर्मिती नव्हे. मोलियेरच्या १६६० मधील 'स्गानारेल' या प्रहसनात तिचा उगम आहे आणि आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग' (१७६१) या इंग्रजी नाटकातून ती देवलांकडे आली. प्रश्न असा की, पॅरिस आणि लंडन येथील रंगभूमीवर जी समता केवळ रचनेची सोय होती, ती १८९३ च्या महाराष्ट्रात आल्यावर तिचा अर्थ तोच राहिला का?

३

तो राहणे शक्य नव्हते. फाल्गुनरावाचा संशय आणि कृत्तिकेचा संशय रंगमंचावर सारखेच हास्यास्पद दिसतात, पण घराच्या उंबरठ्याआड त्यांची किंमत सारखी नाही. फाल्गुनरावाचा संशय खरा ठरला असता तर त्याची अब्रू गेली असती. कृत्तिकेचा संशय खरा ठरला असता तर तिचे घरातले स्थानच गेले असते. नवऱ्याला दुसरी बायको करण्याची मुभा होती. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा झाला तो १९४६ मध्ये. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मर्यादित का होईना, पण हिस्सा देणारा केंद्रीय कायदा १९३७ चा. १८९३ मध्ये कृत्तिकेसारख्या स्त्रीजवळ स्वतःचे म्हणावे असे स्त्रीधनाखेरीज काही नव्हते. नवऱ्याचे मन हीच तिची मिळकत होती आणि त्या मिळकतीवर कोणतीही नोंद तिच्या नावे नव्हती. अशा स्थितीत तिने खिडकीतून रस्त्याकडे डोळा ठेवणे हा स्वभावदोष म्हणायचा की व्यवहार? ज्याचे सर्वस्व दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवलेले आहे, त्याला त्या मर्जीवर पहारा ठेवावाच लागतो.

या काळात विवाहातील मन आणि विवाहातील हक्क यांचा झगडा केवळ नाटकांत चालू नव्हता. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रखमाबाईंविरुद्ध पत्नीने नांदायला यावे म्हणून दावा लावला. अकराव्या वर्षी झालेल्या या लग्नाला आपली संमती नव्हती, अशी रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. पुढे तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा पर्याय त्यांच्यासमोर ठेवला गेला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन हा वाद मिटला. पुण्याच्या 'केसरी'ने रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली होती. संमतिवयाचा कायदा १८९१ चा. त्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली एवढ्यावर पुण्यात केवढे रण माजले, हे सर्वश्रुत आहे. 'फाल्गुनराव' त्यानंतर दोनच वर्षांनी आले. या नाटकात त्या वादांचा उल्लेखही नाही. पण ज्या प्रेक्षकवर्गात स्त्रीच्या नकाराला कायद्यात जागा आहे की नाही यावर रणे झाली, त्याच वर्गासमोर देवलांनी एक बायको उभी केली. नवऱ्याला जाब विचारणारी ही बायको, आणि सभागृहाला ते गैर वाटले नाही; ते हसले. प्रहसनाच्या आडोशाने कृत्तिकेला जो अधिकार मिळाला, तो गंभीर नाटकात तिला मिळाला असता की नाही याची शंकाच आहे.

म्हणून या समतेकडे दोन्ही अंगांनी पाहावे लागते. ती सामाजिकदृष्ट्या खोटी आहे, कारण ती दोन विषम भयांना एकाच मापाने मोजते. त्याच वेळी ती नाट्यदृष्ट्या उदार आहे, कारण ती पत्नीला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढून फिर्यादीच्या जागी उभी करते. स्त्रीवादी समीक्षेने या नाटकातील पहिल्या बाजूवर बोट ठेवले तर ते योग्यच होईल. परंतु दुसरी बाजू नजरेआड केली तर 'झुंझारराव' आणि 'फाल्गुनराव' यांच्यामधले अंतर तिला मोजता येणार नाही.

४

नाटकातील दुसरे जोडपे अधिक गुंतागुंतीचे आहे. मोलियेरच्या प्रहसनातील तरुणी सभ्य घरातली आहे. तिच्या बापाला तिच्या प्रियकरापेक्षा श्रीमंत वर अधिक पसंत असतो. मर्फीच्या नाटकातली बेलिंडाही कुलीन घरातलीच. देवलांनी मात्र या जागी नायकिणीची मुलगी आणली. हा बदल केवळ स्थानिक रंग भरण्यासाठी केला, असे मानणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. रूपांतरकारासमोर एक अडचण होती. या कथानकाला एक वयात आलेली, अविवाहित, स्वतःच्या मनाने माणूस निवडणारी आणि त्याच्याकडून तसबीर स्वीकारणारी स्त्री हवी होती. तत्कालीन पांढरपेशा घरात अशी स्त्री कुठून आणायची? तिथल्या मुलीचे लग्न तिला मन फुटण्याच्या आतच उरकलेले असे. प्रेमात पडण्यासाठी जी मोकळीक लागते, ती समाजात फक्त विवाहाबाहेर ठेवलेल्या स्त्रीजवळ होती. देवलांनी केलेला बदल हा म्हणजे त्या समाजाचे एक अचूक सर्वेक्षणच आहे.

पण ही मोकळीक फुकट मिळत नाही. नायकिणीच्या मुलीने 'हो' म्हटले की त्या होकाराची किंमत किती, हा प्रश्न लगेच उपस्थित होतो. आश्विनशेटच्या संशयाची जात फाल्गुनरावाच्या संशयापेक्षा वेगळी आहे, ती यामुळे. फाल्गुनरावाला वाटते की, जे आपले होते ते दुसऱ्याकडे गेले. आश्विनशेटला वाटते की, जे आपले म्हणून समजलो ते मुळात विकाऊच होते. तसबीर फाल्गुनरावाच्या हाती दिसताच तो इतक्या झटकन निष्कर्षावर येतो, याचे कारण तो निष्कर्ष समाजाने त्याच्यासाठी आधीच लिहून ठेवलेला आहे. रेवतीला म्हणूनच दोनदा निर्दोष ठरावे लागते. एकदा दुसऱ्या पुरुषाच्या आरोपातून आणि एकदा पैशाच्या आरोपातून. तसबिरीला बाजारात काहीच मोल नाही, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पैशाच्या व्यवहारात वाढलेल्या मुलीने ज्या वस्तूची काही किंमत येणार नाही तीच जिवापाड जपावी, यात तिच्या प्रेमाचा पुरावा आहे. आणि नेमकी तीच वस्तू तिच्याविरुद्ध साक्ष देते.

देवलांना हा विषय नवा नव्हता. शूद्रकावरून केलेल्या 'मृच्छकटिका'त त्यांनी वसंतसेनेची कथा मराठीत आणली होती. त्या नाटकात दागिने सारखे हात बदलत राहतात. वसंतसेना ते चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते. शर्विलक ते चोरतो, तेही आपल्या प्रियेची दास्यातून सुटका विकत घेण्यासाठी. नवऱ्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून धूता आपली रत्नमाला पुढे करते. मातीच्या गाड्यात पोराच्या हट्टापायी सोने भरले जाते. आणि अखेर तेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा ठरतात. येथे पैसा प्रेमाचा शत्रू नाही. प्रत्येक पात्र आपले प्रेम दागिन्यांच्या भाषेतच बोलून दाखवते. अनर्थ ओढवतो तो न्यायसभेला ही भाषा वाचता येत नाही म्हणून. तिला दागिन्यांत फक्त लोभ दिसतो.

'शारदे'त चित्र उलटे होते. येथे पैसा आहे, प्रेमाची खूण मात्र कुठेच नाही. कांचनभट, भद्रेश्वर दीक्षित आणि म्हातारा भुजंगनाथ यांच्यातला सौदा पूर्णपणे स्पष्ट आहे. कुणाचा कसलाही गैरसमज नाही. गैरसमज व्हायला दोन मने लागतात, आणि या व्यवहारात शारदेच्या मनाला स्थानच नाही. नाटकाचा सर्वांत झोंबणारा भाग असा की, ते लग्न शारदेच्या नकाराने मोडत नाही. वधूवर सगोत्र असल्याच्या कारणाने मोडते. शास्त्राने घातलेली अडचण विवाह थांबवू शकते, मुलीने फोडलेला टाहो थांबवू शकत नाही. नीट पाहिले तर 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. शारदेला कुणी विचारलेच नाही, म्हणून तिच्याविषयी कुणाला संशय नाही. शारदा अशा घरात नांदायला गेली असती, तर काही वर्षांनी ती कृत्तिका झाली असती.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. इंग्लंडमधील ज्या काळाला रीजन्सी म्हणतात (१८११–१८२०), त्याची बहुतेक वर्षे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या राजवटीची अखेरची वर्षे होती. त्या काळात जेन ऑस्टिनने ज्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत विवाह आणि पैसा यांचा हिशेब उघडपणे मांडलेला असतो. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मधील डार्सीचे वार्षिक उत्पन्न दहा हजार पौंड आहे, हे वाचकाला त्याच्या स्वभावाआधी कळते. एलिझाबेथला वारसाहक्काने घर मिळणार नाही, हेही लपवलेले नाही. पण तिच्याजवळ एक गोष्ट आहे : ती नकार देऊ शकते. ती कॉलिन्सला नकार देते, डार्सीलाही एकदा देते. कादंबरीतला सारा गैरसमज आणि त्याचे निरसन या नकाराने निर्माण केलेल्या अवकाशात घडते. तिचा नंतरचा होकार विश्वासार्ह वाटतो, कारण तिचा नकार वाचकाने पाहिलेला असतो. देवलांच्या सृष्टीत हा अवकाश विभागला गेला आहे. घरंदाज स्त्रीला नकार नाही, म्हणून तिच्या होकाराला अर्थ नाही; नायकिणीच्या मुलीला नकार आहे, पण तिच्या होकाराला भाव आहे. फाल्गुनराव कृत्तिकेवर विश्वास ठेवू शकत नाही, त्याचे मूळ त्याच्या स्वभावात शोधण्याआधी येथे शोधायला हवे. जिला कधी विचारलेच नाही, तिच्या उत्तराची खात्री कशी वाटणार?

५

देवलांनी पात्रांना दिलेली नावे ही केवळ गंमत मानली जाते : पुरुषांना महिन्यांची, स्त्रियांना नक्षत्रांची. पंचांगाच्या दृष्टीने पाहता या नावांत आणखी एक मेळ दिसतो. महिन्याला नाव मिळते ते त्याच्या पौर्णिमेच्या आसपासच्या नक्षत्रावरून. कृत्तिकेवरून कार्तिक येतो, फाल्गुन नव्हे. फाल्गुनाचे नाते फल्गुनी नक्षत्रांशी. नक्षत्रचक्रात कृत्तिका तिसरी, तर पूर्वा फल्गुनी अकरावी. उलट आश्विनाचे नक्षत्र अश्विनी हे चक्रातले पहिले आणि रेवती शेवटची. चक्र फिरताना त्या दोघी शेजारी येतात. नाटककाराने हे जाणून केले असेलच असे नाही. पण पत्रिका जुळवून झालेल्या लग्नातली नक्षत्रे दूर आणि पत्रिकेचा प्रश्नच नसलेल्या प्रेमातली नक्षत्रे शेजारी असावीत, हा योगायोग नाटकाच्या आशयाशी चांगलाच जुळतो.

शेवटी सर्व पात्रे समोरासमोर येतात, तसबिरीचा प्रवास उलगडतो आणि संशय सोडून द्यावा असा बोध करून नाटक संपते. या समेटाचे स्वरूप पारखून घेतले पाहिजे. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्यात नवा विश्वास निर्माण झालेला नसतो. एका पुराव्याचा खुलासा झालेला असतो. तसबीर कुठून आली हे कळले, म्हणून भांडण मिटले. उद्या दुसरी एखादी वस्तू रस्त्यात सापडली, तर हे घर पुन्हा पहिल्या अंकात जाऊन बसेल. आश्विनशेट आणि रेवती यांचे तसे नाही. ज्यांनी एकमेकांना निवडले त्यांना गैरसमजानंतर परत जाण्यासाठी एक जागा असते. त्या निवडीचा क्षण हीच ती जागा. ज्यांना निवडले गेले त्यांना परत जायला अशी जागा नसते. त्यांना पुढेच जावे लागते, आणि पुढे पुन्हा खिडकी आणि रस्ता असतो.

'संशयकल्लोळ'चा बोध दोघांनाही सारखाच दिला जातो, ही त्याची मर्यादा आहे. फाल्गुनरावाने संशय सोडला तर त्याच्या मनाला शांतता मिळते. कृत्तिकेने संशय सोडला तर तिचे एकमेव शस्त्रही जाते. ही मर्यादा देवलांच्या काळाची होती. ज्या घरात बायकोचा हक्क कायद्याने लिहून दिलेला नव्हता, तिथे प्रहसनकाराने तिला निदान प्रश्न विचारण्याचा हक्क दिला. एवढा हक्क तीन वर्षांपूर्वीच्या 'झुंझाररावा'तल्या पत्नीला मिळाला असता, तर त्या नाटकाचा शेवट कदाचित बिछान्यावरच्या प्रेताने झाला नसता.